पडून असलेली मोटर आणि अडकलेली मोटर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात जिल्ह्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेची बातमी होती. गोदामात दोन नवेकोरे पंप दीड वर्ष धूळ खात पडले आहेत, जनतेचा पैसा वाया गेला, असा तिचा सूर होता. सोबत फोटो होता. पुढे ते दोन पंप, अंगावर अजून कारखान्याचा प्लास्टिक कागद. मागे भिंतीला टेकून चार-पाच जुन्या मोटारी, एकीच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण निघालेलं, दुसरीच्या अंगावर खडूने काहीतरी लिहिलेलं. त्या मागच्या मोटारींबद्दल बातमीत एक शब्द नव्हता. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मी ओझरला विमानांच्या सुट्या भागांच्या भांडारात एकतीस वर्षं काम केलं. मिगच्या काळात लागलो, सुखोईचं काम जोरात असताना निवृत्त झालो. आता दिंडोरी तालुक्यात घरची द्राक्षबाग पाहतो आणि आमच्या उपसा सिंचन संस्थेच्या समितीवर आहे. भांडारात पहिल्या महिन्यात आम्हाला एक गोष्ट शिकवली गेली, ती आजही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भांडारात माल दोन जातींचा असतो. एक वापरला की संपतो: ग्रीस, वॉशर, पॅकिंग, फ्यूज. दुसरा वापरला की बिघडतो, दुरुस्त होतो आणि परत मांडणीवर येतो: पंप, जनरेटर, गिअरबॉक्स, मोटर. पहिल्या जातीचा हिशोब किराणा दुकानासारखा असतो. डबा खाली आला की मागवा, एका वेळी किती मागवायचं त्याचं सूत्र १९१३ सालापासून आहे. दुसऱ्या जातीला ते सूत्र लावता येत नाही, कारण इथे काही संपतच नाही. दहा नग घेतले तर दहाच राहतात. फक्त ते कुठे आहेत हे बदलत राहतं: काही यंत्रावर, काही मांडणीवर, काही दुरुस्तीला, काही वाटेत. म्हणून या मालाचा भांडारपाल नगांपेक्षा दिवस मोजतो.

आपल्याकडे दोन्ही जाती एकाच नजरेने पाहिल्या जातात. जडवस्तू संग्रह नोंदवहीत एक ओळ असते, तिच्यापुढे ‘शिल्लक २’ लिहिलेलं असतं, आणि तपासणीला आलेला माणूस विचारतो, हे दोन नग वर्षभर कुणाला दिले नाहीत, मग घेतले कशाला?

आमच्या संस्थेत नेमकं हेच घडलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. चूक एकट्या कुणाची नव्हती आणि त्या सभेत मीही हजर होतो.

धरणाच्या फुगवट्यावर आमची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, आहे. तिथून दोन टप्प्यांत पाणी वर जातं. पहिल्या टप्प्यावर सात मोटारी, दुसऱ्यावर पाच, अशा बारा, सगळ्या ५० एचपीच्या. जादा म्हणून दोन होत्या. एका वर्षी लेखापरीक्षकांनी शेरा मारला: दोन मोटारी विनावापर पडून, भांडवल अडकले, एक विकून टाकावी. शेरा पूर्ण करायचाच असतो. दिवाळीच्या आधी एक मोटर विकली. पैसे पाइपलाइनच्या डागडुजीत गेले. त्या दिवशी मी सभेत बोललो, पण मला आकडे देता आले नाहीत. ‘राहू द्या, लागेल,’ एवढंच म्हणता आलं. अशा बोलण्याला वजन नसतं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या टप्प्यावरची एक मोटर जळाली. उरलेली जादा मोटर तिच्या जागी बसवली. अकराव्या दिवशी त्याच टप्प्यावरची आणखी एक गेली. आता बसवायला काही नव्हतं. पहिली जळालेली मोटर अजून शेडमध्येच होती, पत्र्याखाली, ताडपत्री टाकून. अकरा दिवस! सतरा दिवस वरच्या शिवाराला पाळीने पाणी दिलं. तेव्हा द्राक्षवेलींची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, होऊन फुटवे निघत होते, बागेला याच वेळी पाणी लागतं. ज्यांना शेततळी होती ते निभावले. माझ्या चुलतभावाला नव्हतं. त्याने टँकर आणले, तरी बाग मागेपुढे फुटली. तो मला काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तर आयुष्यभर हेच काम केलं ना?”

त्या प्रश्नाने मला संस्थेच्या कपाटातल्या वह्या काढायला लावल्या.

साडेतीन वर्षांची लॉगबुकं होती. मोटर जळाल्याच्या नोंदी मोजल्या, २८ भरल्या. म्हणजे वर्षाला आठ. मग प्रत्येक मोटारीची वाट शोधली: कधी जळाली, शेडमधून कधी हलली, नाशिकला दुकानात कधी पोचली, कोटेशन कधी आलं, मंजूर कधी झालं, काम कधी झालं, बिल कधी दिलं, मोटर परत कधी आली. अर्ध्या तारखा वहीत नव्हत्या. त्या टेम्पोच्या पावत्यांवरून, सभेच्या इतिवृत्तावरून, आणि पेठ रोडवरच्या आमच्या वाइंडिंगवाल्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत तारांची नवी कॉइल भरणाऱ्या, मिस्त्रींच्या डायरीवरून जुळवल्या. मिस्त्रींनी डायरी पुढे ठेवली आणि म्हणाले, “नाना, बघा तुम्हीच. माझ्याकडे मोटर किती दिवस खोललेली होती आणि किती दिवस नुसती उभी होती ते.”

जळाल्यापासून परत मांडणीवर येईपर्यंत सरासरी पंचेचाळीस दिवस लागत होते. त्याची फोड अशी निघाली. शेडमध्ये नऊ दिवस, कारण दोन जळाल्या की एका टेम्पोत नेऊ, भाडं वाचेल, असा विचार. तीन कोटेशनं आणि मासिक सभेची मंजुरी यात चौदा दिवस. बेअरिंगची आणि नंबर लागण्याची वाट पाहण्यात आठ. प्रत्यक्ष काम, म्हणजे जुनी कॉइल काढणं, नवी भरणं, व्हार्निश, भट्टी, मेगर (तारांचं इन्शुलेशन शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावून तपासणी, हे सगळं चार दिवसांत. आणि तयार होऊन दुकानात उभी, बिलाचा धनादेश निघेपर्यंत, दहा दिवस. पंचेचाळीसपैकी कामाचे दिवस चार! टेम्पोचं भाडं वाचवायला आम्ही नऊ दिवस मोटर झाकून ठेवत होतो.

पुढचा हिशोब सोपा आहे आणि तो कुठल्याही संस्थेला करता येतो, म्हणून सविस्तर लिहितो. वर्षाला ८ बिघाड, प्रत्येकाला ४५ दिवस. आठ गुणिले पंचेचाळीस भागिले ३६५, उत्तर जवळजवळ एक. याचा अर्थ वर्षातल्या कुठल्याही दिवशी पाहिलं तर सरासरीने एक मोटर दुरुस्तीच्या फेऱ्यात असणारच. म्हणजे एक जादा मोटर ठेवली की ती जादा राहतच नाही, ती त्या फेऱ्यालाच लागते. अडीअडचणीसाठी म्हणून जे काही ठेवायचं ते त्याच्यावर.

पण सरासरी एक म्हणजे रोज एक नव्हे. कधी एकही नसते, कधी तीन असतात. इथे एक सुंदर प्रमेय मदतीला येतं. कॉनी पाल्म नावाच्या स्वीडिश अभियंत्याने १९३८ मध्ये टेलिफोनच्या कामात ते मांडलं. बिघाड एकमेकांशी संबंध नसताना अधूनमधून होत असतील आणि एका दुरुस्तीचा वेळ दुसरीवर अवलंबून नसेल, तर एका वेळी दुरुस्तीत असलेल्या नगांची संख्या प्वासाँ वितरण पाळते, म्हणजे शून्य, एक, दोन, तीन नग बाहेर असण्याची शक्यता एका ठरलेल्या सूत्राने काढता येते, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या वेळेची फक्त सरासरी माहीत असली तरी पुरते. काही मोटारी वीस दिवसांत आल्या आणि काही सत्तर दिवसांनी, याने उत्तर बदलत नाही. आमच्यासारख्या अपुऱ्या वह्यांच्या संस्थेसाठी हे फार मोठं वरदान आहे, सरासरी काढली की काम चालतं. प्वासाँ वितरण तसं जुनं. १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचे आकडे त्याने बरोबर जुळतात हे दाखवलं गेलं होतं. क्वचित आणि सुटी सुटी घडणारी गोष्ट असली की ते लागू पडतं. मोटर जळणं तशीच गोष्ट आहे.

माझी नात अभियांत्रिकीला आहे. तिने हे लॅपटॉपवर मांडून दिलं, सूत्र तयारच असतं म्हणे. सरासरी एक असताना एकही मोटर बाहेर नसण्याची शक्यता ३७ टक्के, नेमकी एक बाहेर असण्याची तितकीच, आणि दोन किंवा जास्त बाहेर असण्याची २६ टक्के. म्हणजे एकच जादा मोटर असेल तर वर्षातला चौथा हिस्सा कुठला तरी पंप मोटारीवाचून उभा. तिने ते दिवसांत करून दिलं. एक पंप एक दिवस मोटारीवाचून उभा राहिला तर त्याला एक मोटर-दिवस म्हणू. एका जादा मोटारीला वर्षाचे सुमारे १३० मोटर-दिवस तुटवड्याचे. दोन जादा असत्या तर ३७. तीन असत्या तर आठ.

लेखापरीक्षकांच्या शेऱ्याने आम्ही एक मोटर विकली आणि तुटवडा ३७ दिवसांवरून १३० वर नेला. भांडवल सुटलं ते पावणेदोन लाख.

मग नातीने तेच गणित पंधरा दिवस धरून केलं. “आजोबा, मोटर नवी घेऊ नका, फक्त हा एक आकडा बदलून बघा,” ती म्हणाली. दुरुस्तीचा फेरा पंधरा दिवसांत आला तर बाहेर असलेल्या मोटारींची सरासरी एकावरून एक-तृतीयांशावर येते, आणि एकाच जादा मोटारीवर तुटवडा वर्षाला १८ मोटर-दिवस होतो. म्हणजे पंचेचाळीस दिवसांचा फेरा आणि दोन जादा मोटारी, यापेक्षा पंधरा दिवसांचा फेरा आणि एक जादा मोटर दुपटीने बरी. दुसरी मोटर पावणेदोन लाखांची होती. तीस दिवस कमी करायला आम्हाला एक ठराव लागला.

तो ठराव मी पुढच्या सभेत मांडला. अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणतो. ते कागद हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “नाना, हे नऊ दिवस आणि हे दहा दिवस, हे तर आपल्याच हातातले आहेत.” ठरावात चार गोष्टी होत्या. वाइंडिंगचा वर्षाचा दरकरार आधीच करायचा, म्हणजे प्रत्येक वेळी तीन कोटेशनं नकोत. मोटर जळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो, एकच असली तरी. दरकरारातल्या रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार अध्यक्ष आणि सचिवांना, सभेपुढे फक्त माहितीसाठी. आणि मोटर परत येईल त्याच दिवशी धनादेश. पाचवी गोष्ट ठरावात नव्हती, पण मी सुरू केली. प्रत्येक मोटारीच्या अंगावर ती जळाल्याची तारीख खडूने लिहायची. वही कपाटात असते, खडू डोळ्यांसमोर असतो. वायरमनपासून अध्यक्षांपर्यंत जो शेडमध्ये येईल त्याला दिसतं की ही मोटर कधीपासून उभी आहे.

बेअरिंगचा प्रश्न वेगळा निघाला. मोटर खोलून पडायची आणि दोन बेअरिंगांसाठी चार-पाच दिवस थांबायची, कारण दुकानात तो नंबर नसायचा. मोटर ही परत येणारी वस्तू, तिच्या पोटातलं बेअरिंग संपणारी वस्तू, पण लहान वस्तू नसली की मोठीचा फेरा लांबतो. विमानाच्या इंजिनाबाबत हीच बाब जॉन मक्स्टॅट यांनी १९७३ मध्ये गणितात बसवली होती: मोठ्या जोडणीचा दुरुस्तीचा वेळ तिच्यातल्या भागांच्या साठ्यावर अवलंबून असतो, म्हणून दोघांचा साठा एकत्र ठरवावा लागतो. आम्ही बेअरिंगच्या चार जोड्या घेऊन संस्थेच्या कपाटात ठेवल्या आणि मोटारीबरोबर मिस्त्रींच्या हातात द्यायला लागलो. मोटारीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नव्हता.

गेल्या वर्षी फेरा सरासरी सोळा दिवसांवर आला. विकलेली मोटर आम्ही परत घेतली नाही.

आता हे गणित जिथे कमी पडतं तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर कुणी आंधळेपणाने वापरेल. पाल्मचं प्रमेय धरून चालतं की बिघाड एकमेकांपासून सुटे आहेत आणि दुरुस्तीला रांग नाही. एप्रिल-मेमध्ये दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. उन्हाळ्यात वाहिनीवर भार चढतो, व्होल्टेज पडतं, तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त करंट ओढते, कॉइल तापते आणि इन्शुलेशन जळतं. हे माझ्या एकट्याच्या मोटारीला होत नाही, त्याच आठवड्यात सगळ्या तालुक्याच्या मोटारी जळतात. मग पेठ रोडवर, सातपूरला, अंबडला प्रत्येक वाइंडिंगच्या दुकानासमोर रांग. ज्या महिन्यात बिघाड वाढतात त्याच महिन्यात फेराही लांबतो, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. आमच्या वहीत एकट्या एप्रिल-मेच्या नोंदी वर्षाच्या जवळजवळ निम्म्या होत्या. म्हणून वर्षाच्या सरासरीवर उन्हाळा काढता येत नाही. उन्हाळ्याचा हिशोब वेगळा मांडायचा आणि त्या दोन महिन्यांपुरती एक मोटर भाड्याने आणून ठेवायची, असं आम्ही आता करतो. फेब्रुवारीत सगळ्या मोटारींचं मेगर घेतो, कमजोर दिसेल ती तेव्हाच काढून मिस्त्रींकडे देतो. तेव्हा त्यांच्याकडे गर्दी नसते आणि काम सावकाश, चांगलं होतं.

दुसरी मर्यादा अशी की मोटर कायम फिरत राहत नाही. जुनी कॉइल काढताना भट्टीचं तापमान बेताल गेलं की मोटारीच्या गाभ्यातल्या लोखंडी पत्र्यांमधलं इन्शुलेशन बिघडतं, मग मोटर चालते पण तापते आणि वीज जास्त खाते. अशी मोटर कधीतरी कंडम करावीच लागते. ओझरला प्रत्येक फिरत्या भागाला स्वतःचं कार्ड होतं, तो कुठे बसला, किती तास चालला, किती वेळा दुरुस्त झाला, सगळं त्याच्यावर. आमच्या बारा-तेरा मोटारींना आता अशीच कार्डं आहेत. तिसऱ्यांदा वाइंडिंगला निघालेली मोटर असेल तर आम्ही थांबून विचार करतो. कार्ड नसेल तर मोटर कंडम कधी झाली हे कळतही नाही, साठा वहीत तेवढाच दिसतो आणि शेडमध्ये एक नग कमी असतो.

संपादक महोदय, जिल्ह्याच्या पातळीवर विचार केला तर याहून मोठा फायदा हाती आहे. आमच्याच धरणावर आमच्यासारख्या आणखी तीन संस्था आहेत. चौघी मिळून विचार केला आणि प्रत्येकीने पंधरा दिवसांचा फेरा पाळला, तर प्रत्येकीची एक अशा चार जादा मोटारी ठेवून वर्षाला एकूण सुमारे ७० मोटर-दिवसांचा तुटवडा येतो. त्याच चौघींनी एका शेडमध्ये तीन मोटारी सामाईक ठेवल्या तर तुटवडा येतो सुमारे २१. एक मोटर कमी आणि त्रास तिसऱ्या हिश्शाहून कमी! कारण चौघींच्या मोटारी एकदम जळत नाहीत. उन्हाळ्यात हा फायदा थोडा घटतो, वर सांगितलेल्या कारणाने, पण राहतोच.

अडचण पैशाची नाही. आमच्याकडे एका कंपनीच्या मोटारी, शेजारच्या संस्थेकडे दुसऱ्या, पलीकडे तिसऱ्या. फ्रेम वेगळी, शाफ्टची उंची वेगळी, कपलिंग बसत नाही. प्रत्येक निविदेत त्या वेळी जो स्वस्त भरला त्याची मोटर आली. पाच-सात हजार वाचले आणि कायमची अदलाबदल गेली. खरेदीच्या वेळी ही किंमत कुणी मोजत नाही. चारही संस्थांनी पुढची प्रत्येक मोटर एकाच फ्रेमची घ्यायची, एवढं जरी ठरवलं तरी पाच-सहा वर्षांत सामाईक साठा शक्य होईल. मी अण्णांना घेऊन दोन संस्थांच्या अध्यक्षांना भेटून आलो. एक तयार आहेत. दुसऱ्यांना वाटतं, आपली मोटर दुसऱ्याच्या जॅकवेलवर गेली तर परत येणार नाही. ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर म्हणजे नोंद: कुणाची, कधी गेली, बदल्यात काय आलं.

मध्यवर्ती साठा किती आणि गावागावात किती, हा प्रश्न विमानांच्या बाबतीत साठ वर्षांपूर्वी सोडवला गेला. अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनमध्ये क्रेग शेरब्रुक यांनी तिथल्या हवाई दलासाठी ‘मेट्रिक’ नावाचं प्रतिमान तयार केलं, १९६८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अनेक तळ आणि त्यांना पुरवणारा एक मध्यवर्ती डेपो, तळावर होईल ती दुरुस्ती तळावर, बाकीची डेपोत, आणि ठरलेल्या पैशात कुठे कुठला नग ठेवला तर सगळ्या तळांवरचा तुटवडा मिळून सर्वांत कमी होईल, हे त्यात काढता येतं. त्यातली एक दृष्टी मला फार मोलाची वाटते. भांडाराच्या खिडकीवर किती मागण्या लगेच पुऱ्या झाल्या ही टक्केवारी त्यात मुख्य मानलेली नाही. सुट्या भागासाठी यंत्र किती काळ खोळंबलं, हे मुख्य मानलं आहे. आमच्या त्या वाईट वर्षात आठपैकी सहा वेळा मोटर लगेच दिली होती. पंचाहत्तर टक्के! अहवालात तो आकडा चांगला दिसला. उरलेल्या दोन वेळांत माझ्या भावाची बाग गेली.

हे सगळं आज लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला आता मोठी खरेदी सुरू आहे आणि पुढेही होईल. पाण्याचे पंप, मलजलाचे पंप, जनरेटर, दिव्यांचे खांब, रुग्णालयांतली यंत्रं. लाखो लोक गोदाकाठी असताना रामकुंडाच्या परिसरातला मलजलाचा एक पंप बंद पडला तर तो दुरुस्त होऊन यायला पंचेचाळीस दिवस कुणाकडे नसतील. शाही स्नानाच्या आठवड्यात सगळे पंप एकदम ताणले जातील, आमच्या एप्रिलसारखे. तेव्हा प्रत्येक निविदेत यंत्राच्या किमतीशेजारी दुरुस्तीच्या फेऱ्याचे दिवस लिहून घ्यावेत आणि ते पाळले नाहीत तर दंड असावा. जादा नग किती, ते त्या दिवसांवरून ठरवावेत. सगळीकडे सरसकट दहा टक्के जादा घेऊ नयेत, त्याला काही आधार नाही. दहा यंत्रांना एक जादा आणि शंभरांना दहा जादा, यांचा तुटवडा सारखा नसतो. लहान ताफ्याला टक्केवारीने जास्त लागतात, मोठ्याला कमी.

लेखापरीक्षकांनाही माझी हात जोडून विनंती आहे. विनावापर पडून असलेल्या चांगल्या मोटारीवर शेरा मारण्याआधी तिच्या ओळीशेजारी दोन आकडे मागा: वर्षात किती बिघाड, आणि परत यायला किती दिवस. दोन्हींचा गुणाकार करा. मग ठरवा ती मोटर जादा आहे की तीही कमी पडते आहे. आणि शेरा मारायचाच असेल तर सहा महिने दुरुस्तीची वाट पाहत उभ्या असलेल्या मोटारीवर मारा. भांडवल तिच्यात अडकलेलं आहे.

आपल्या बातमीतल्या त्या योजनेत दोन नवे पंप गरजेपेक्षा जास्त घेतले गेले असतीलही. मी ती योजना पाहिलेली नाही. पण मागच्या चार-पाच मोटारी दुरुस्त होऊन वेळेवर परत येत असत्या, तर नवे दोन घ्यावे लागले नसते, असंही असू शकतं. किंवा त्या मोटारी उभ्या असताना योजना चालू राहिली ती आधी घेतलेल्या जादा पंपांमुळेच, असंही. फोटोतल्या डावीकडून दुसऱ्या मोटारीवर खडूने लिहिलेली तारीख आहे असं मला दिसतं, पण छपाईत ती नीट वाचता येत नाही. आपल्या छायाचित्रकारांकडे मूळ फोटो असेल. ती तारीख वाचून आपल्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भांडारपाल
ता. दिंडोरी, जि. नाशिक